अर्ध्या बँडची गवार

मुलीचा निकाल आला त्या दिवशी मी आधी परीक्षकाला शिव्या दिल्या आणि मग निकाल नीट वाचला.

ऐकणे आठ, वाचणे आठ, लिहिणे सात आणि बोलणे साडेपाच. स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठानं तिला पाण्याच्या शुद्धीकरणाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश दिला होता, पण अट घालून. इंग्रजीच्या परीक्षेत एकूण साडेसहा बँड, म्हणजे त्यांचे नऊपैकी गुण, हवेत आणि चार भागांपैकी एकातही सहाच्या खाली चालणार नाही. एकूण सात आले होते. घोडं पेंड खात होतं ते बोलण्यात, तेही अर्ध्या बँडसाठी. जुलै संपायच्या आत सहा आणून दाखवले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाणार होती. हे त्यांनी इतक्या गोड भाषेत कळवलं होतं की वाचणाऱ्याला अभिनंदनाचं पत्र वाटावं.

मुलगी म्हणाली, "ठीक आहे." आणि आपल्या खोलीत गेली.

तिला ते किती हवं होतं हे मला तोपर्यंत नीट माहीत नव्हतं. इंजिनिअर झाल्यावर दोन वर्षं ती इथल्या एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती. वस्त्यावस्त्यांत जाऊन बाटल्यांत पाणी भरून आणायचं, तपासायचं, अहवाल लिहायचा. त्या संध्याकाळी तिला जेवायला बोलवायला गेलो तर कपाटाचं दार उघडं होतं आणि दाराच्या आतल्या बाजूला त्या विद्यापीठाच्या गावाचा नकाशा चिकटवलेला. विद्यापीठापासून एका गल्लीपर्यंत पेन्सिलीनं रेघ ओढली होती. मला पाहून तिनं दार लावून घेतलं. मी म्हटलं, जेवायला चल.

आमचं घर भोपाळला, अवधपुरीत आहे. मी साताऱ्याकडचा. इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात लागलो तेव्हा वाटलं होतं, पाच वर्षांत बदली मागून परत जाऊ. चौतीस वर्षं झाली, निवृत्त झालो, घर बांधलं, आणि आता साताऱ्याला गेलो की तिथलं पाणी मला बाधतं. कारखान्यात माझं काम तपासणीचं. लोखंडाच्या जाड पत्र्यांना वेल्डिंग केलेले जोड असायचे, त्यांचे एक्स-रे काढले जायचे आणि ते दिव्यासमोर धरून मी बघायचो. आत हवेचा बुडबुडा दिसला, बारीकशी चीर दिसली, की खडूनं खूण करायची आणि सांगायचं, घासून काढा, पुन्हा भरा. वेल्डर लोक मला मागून काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे. इथे लिहिण्यासारखं नाही.

दोष शोधणं हा माझा धंदाच होता आणि धंदा माणूस घरीही घेऊन येतो.

मुलगी पाच वर्षांची असेल. कारखान्यातल्या एका मराठी सहकाऱ्याच्या घरी आम्ही गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो. त्याच्या कॉलेजातल्या मुलाला मी मराठीत काहीतरी विचारलं, तर तो हसून म्हणाला, "अंकल, समझ लेता हूँ, बोल नहीं पाता." बाप शेजारीच उभा होता, तोही हसला. मला मात्र धडकी भरली. आडनाव मराठी, समोर मोदक, आणि बोलता येत नाही! परत येताना स्कूटरवर मी बायकोला सांगितलं, आपल्या घरात हे चालायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून नियम लागू झाला. घरात मराठीच बोलायचं आणि हिंदी शब्द आला की वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं. शिक्षा नाही, ओरडणं नाही. मी फक्त म्हणायचो, "पुन्हा. पहिल्यापासून." पोरगी शाळेतून यायची आणि सांगायला लागायची, "बाबा, आज ना आमच्या क्लासमध्ये एका मुलीची चोटी..." "पुन्हा." "बाबा, आज आमच्या वर्गात एका मुलीची वेणी..." आणि मग त्या वेणीचं झालं काय, हे कधी कधी राहूनच जायचं. पण वेणी शुद्ध यायची.

नियमाला फळही आलं. पुण्यात एका लग्नात माझ्या आतेबहिणी तिला घेरून बसल्या आणि म्हणाल्या, "भोपाळची असून किती स्वच्छ बोलते गं!" मी पंगतीत दोन जिलब्या जास्त खाल्ल्या. ती बारा वर्षांची होती आणि त्या दिवशी एकूण चार वाक्यं बोलली असेल. चारही बिनचूक.

पुढे ती कमी बोलायला लागली. "हो." "नको." "झालं." "ठीक आहे." मी लोकांना अभिमानानं सांगायचो, आमची मुलगी मोजकं बोलते, माझ्यावर गेली आहे. स्वयंपाकघरात मायलेकींची बडबड चालायची, हसण्याचा आवाज यायचा, आणि मी पाण्याचा पेला घ्यायला आत शिरलो की कुकरची शिट्टी तेवढी ऐकू यायची. मला वाटायचं, बायकांच्या गोष्टी असतील.

बायको इंदूरची. तिच्या माहेरी किती पिढ्या माळव्यात गेल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांचं मराठी ऐकलं की पुण्याचा माणूस भुवया उंचावतो. लग्न झालं तेव्हा ती मला विचारायची, "तुम्ही केव्हापासून वाट बघून राहिले?" मी तेव्हाही सुधारायचो. वर्षभरात तिनं माझ्याशी कामापुरतं बोलायची सवय लावून घेतली. लांबलचक गप्पा ती बहिणीशी फोनवर मारते, तासभर, गच्चीत जाऊन. हे मला कधी खटकलं नव्हतं. संसार मुरला की माणसं कमीच बोलतात, असा माझा समज होता.

तर निकाल. मी ठरवून टाकलं की परीक्षक चुकला. जिला लिहिण्यात सात मिळतात तिला बोलण्यात साडेपाच कसे मिळतील? मी फेरतपासणीचा अर्ज करायचं काढलं. मुलगी म्हणाली, "नको." बायको म्हणाली, "तिला विचारा तरी, झालं काय होतं आत." मी म्हटलं, विचारायचं काय, उघड अन्याय आहे. अर्ज केला. त्यात दोन आठवडे गेले आणि उत्तर आलं की गुण आहेत तेच राहतील. ते दोन आठवडे तिच्या हातचे मी घालवले. त्या दिवशी जेवताना कोणी कोणाकडे बघितलं नाही.

फक्त बोलण्याची परीक्षा पुन्हा देता येत होती, तिची तारीख जुलैच्या मध्याची मिळाली, म्हणजे तीन आठवडेही राहिले नव्हते. एमपी नगरमध्ये इंग्रजी बोलण्याची तयारी करून घेणाऱ्या एका शिक्षिकेचं नाव मुलीला मैत्रिणीनं सांगितलं होतं. मी म्हटलं, मीपण येतो. दोष कुठे आहे ते कळल्याशिवाय दुरुस्ती कशी करणार?

शिक्षिका तिशीतली होती, माझ्या पुतणीएवढी. दोन खोल्यांचा क्लास, भिंतीवर विद्यार्थ्यांचे फोटो. तिनं मुलीला परीक्षेत असते तशी एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर विषय असतो, विचार करायला एक मिनिट मिळतं आणि मग दोन मिनिटं सलग बोलायचं. विषय होता, तुम्ही वरचेवर जाता अशी एखादी जागा. मला तिनं बाहेरच्या खोलीत बसवलं. थोड्या वेळानं मला आत बोलावलं आणि मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं. मुलगी खाली बघत होती.

मुलीनं भोपाळचा मोठा तलाव निवडला होता. उच्चार स्वच्छ, शब्द चांगले. इंग्रजीत ती म्हणत होती, "आम्ही रविवारी तलावावर जातो." मग थांबली. "सॉरी. आम्ही रविवारी तलावावर जायचो." पुन्हा थांबली. "सॉरी. मी लहान असताना आम्ही दर रविवारी तलावावर जायचो आणि बाबा..." थांबली. "सॉरी. मी लहान असताना..." दोन मिनिटं संपली तेव्हा आम्ही अजून तलावावर पोहोचलोही नव्हतो. बाबा तिथे काय करायचे, ते तर आलंच नाही.

शिक्षिका म्हणाली, "सर, ग्रामर तो इसकी मुझसे अच्छी है. पर ये किसी बात को पूरा होने ही नहीं देती. छोटी-मोटी गलती से नंबर इतने नहीं कटते, जितने बार-बार रुकने से कटते हैं. गलती हो गई तो हो गई, आगे बढ़ो. ये हर बार शुरू से शुरू करती है."



"बेटा, घर पे कोई टोकता है क्या?" तिनं विचारलं.

मुलीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नहीं मैम," ती म्हणाली. "मेरी ही आदत है."

सोनारानंच कान टोचावे लागतात म्हणतात, ते त्या दिवशी टोचले गेले. मला त्या खोलीत बसवेना. चौतीस वर्षं मी एक्स-रेवर बुडबुडे शोधले आणि समोर इतका मोठा बुडबुडा होता तो मीच भरलेला. आणि एक गोष्ट अशी, की कारखान्यातसुद्धा मी कधी अख्खा जोड तोडायला लावला नव्हता. जेवढा दोष तेवढाच घासून काढायचा, बाकीचा तसाच ठेवायचा, हा साधा नियम आहे. घरी मात्र दर वेळी पहिल्यापासून.

परत येताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. मला तिला विचारायचं होतं की तू खोटं का बोललीस. माझ्यासाठी बोललीस हे दिसत होतं, म्हणून विचारता येईना. शेवटी मी म्हटलं, "मॅडम बऱ्या वाटतात." ती म्हणाली, "हो."

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल. ती कणीक मळत होती, मळतच राहिली. म्हणाली, "मला तर हे वीस वर्षांपासून माहीत आहे. पण तुम्हाला सांगणार कोण? सांगायला गेलं तर आधी माझंच वाक्य दुरुस्त करायचे तुम्ही."



शिक्षिकेनं मुलीला सांगितलं होतं की आधी न थांबता बोलायला शीक, भाषा कुठलीही असू दे. रोज घरच्या कोणासमोर तरी दोन-दोन मिनिटं बोल, मग इंग्रजीकडे वळू. बायकोनं ठरवलं की ऐकायला मीच बसायचं. मुलगी म्हणाली, "बाबा नको." बायको म्हणाली, "बाबाच. ज्यांच्यामुळे थांबते त्यांच्यासमोरच चालायला लाग." या घरात इतक्या ठाम आवाजात ती कधी बोलल्याचं मला आठवत नाही. कदाचित बोलली असेल, माझं लक्ष शब्दांकडे असेल.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मुलगी नोकरीवरून आल्यावर मागच्या ओट्यावर आम्ही तिघं बसलो. बायकोच्या हातात मोबाइल, त्यावर दोन मिनिटांचं घड्याळ. मुलगी प्रयोगशाळेतल्या एका बाईंबद्दल सांगायला लागली. "त्या ना, सुबह आल्या की पहिले सगळ्यांचे..." आणि थांबली. "त्या सकाळी आल्या की आधी सगळ्यांचे..." मी शपथेवर सांगतो, मी एक अक्षर बोललो नव्हतो.

"तोंड बंद आहे," बायको म्हणाली, "पण भुवया बोलून राहिल्या तुमच्या."

दुसऱ्या दिवशी तिनं माझी खुर्ची फिरवून शेजाऱ्यांच्या भिंतीकडे केली. तरी माझा घसा आपोआप खाकरायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मला एक लवंग दिली आणि म्हणाली, दाढेखाली धरा, चावायची नाही. आणि मांडीवर गवारीच्या शेंगांची परात ठेवली. हातांना काम, तोंडात लवंग, नजर शेंगांवर. पाव किलो गवार मोडेपर्यंत मुलीच्या चार-पाच चिठ्ठ्या व्हायच्या.

त्या दिवसांत आम्ही किती गवार खाल्ली त्याला गणती नाही. शेंगदाण्याचा कूट घालून, लसूण घालून, एकदा तर वरणातसुद्धा. कोपऱ्यावरचा भाजीवाला मला लांबून बघूनच गवार तोलायला घ्यायचा. "अंकल, डॉक्टर ने बोला है क्या?" त्यानं एकदा विचारलं. मी म्हटलं, हां, डॉक्टर ने ही बोला है.

पाचव्या-सहाव्या दिवशी मुलगी जरा मोकळी झाली. माझ्या पाठीशी बोलायची तिला सवय झाली असावी. तिचं खरं बोलणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. हिंदी, मराठी, इंग्रजी सगळं एका दमात, खिचडीच, आणि मला कबूल करायला हवं की ती खिचडी फार मजेदार होती. ती नकला करायची. प्रयोगशाळेचे साहेब पाण्याची बाटली नाकाला लावून वास कसा घेतात, वस्तीतल्या म्हाताऱ्या बाईनं तिला चहा पाजल्याशिवाय नळाला हात कसा लावू दिला नाही. बायको हसून हसून डोळे पुसत होती. मी भिंतीकडे तोंड करून हसलो, लवंग गिळली गेली आणि ठसका लागला.

मला वाटत होतं की मी तिला मदत करतोय. मग दहाव्या दिवशी ती चिठ्ठी निघाली. विषय होता, हातची गेलेली एखादी संधी.

मुलगी म्हणाली, "दसवीत होते मी. आमच्या स्कूलमधून वाद-विवाद प्रतियोगितासाठी माझं सिलेक्शन झालं होतं. ग्वाल्हेरला जायचं होतं, दोन दिवस. फॉर्मवर पेरेंटचे साइन पाहिजे होते. आई तेव्हा इंदूरला होती, नानाजी बीमार होते. तर बाबांनाच सांगायचं होतं. आणि मी रोज मनातल्या मनात वाक्य बसवत होते. सिलेक्शन नाही, निवड. प्रतियोगिता नाही, स्पर्धा. वाद-विवादला काय म्हणतात ते मला समजूनच नाही राहिलं. मग वाटायचं, उद्या सांगू, अच्छे से बसवून. असं करता करता लास्ट डेट निकल गई. मॅम फार नाराज झाल्या. माझ्या जागी दुसरी मुलगी गेली. मी घरी कुणालाच नाही सांगितलं. मला इतकंही वाईट नव्हतं वाटलं तेव्हा. बस, त्यानंतर मग काही सांगायचं असलं की मी आधी बघायचे, सांगणं जरुरी आहे का. बहुतेक वेळा नसायचंच."

ती एकदाही थांबली नाही. घड्याळ वाजलं तरी शेवटचं वाक्य तिनं पुरं केलं.

मी शेंग हातात धरून बसलो होतो. वादविवाद. मराठीतही वादविवादच म्हणतात, पोरी, तोच शब्द आहे. हे माझ्या जिभेवर आलं होतं, आणि ते आलं म्हणून मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी ती लवंग कचकन चावली. तोंड बधिर झालं. बरंच झालं.

बायकोनं विचारलं, "दुसरी चिठ्ठी काढायची?" मुलगी म्हणाली, "हो, काढ." मी गवार मोडत राहिलो. त्या दिवशी भाजीत दोरे फार निघाले, पण कोणी काही म्हणालं नाही.

त्यानंतर शेवटचा आठवडा ती इंग्रजीतून बोलली. माझं इंग्रजी कारखान्याच्या अहवालांपुरतं, पण थांबणं आणि न थांबणं कुठल्याही भाषेत कळतं. चुका व्हायच्या. मला ऐकू यायच्या. भूतकाळ वर्तमानात शिरायचा आणि ती खुशाल पुढे जायची. तलावाचा विषयही पुन्हा झाला. या वेळी आम्ही तलावावर पोहोचलो. बाबा तिथे काय करायचे तेही कळलं. बाबा काठावर भुट्टा घेऊन द्यायचे आणि खारट फार झाला म्हणून भुट्टेवाल्याशी भांडायचे. ती म्हणत होती की तो भुट्टा तिला तसाच आवडायचा, खारट.

परीक्षेच्या दिवशी मी तिला सोडायला गेलो आणि समोरच्या चहाच्या टपरीवर थांबलो. परीक्षक पडद्यावरून, दुसऱ्याच शहरातून बोलणार होता. ती बाहेर आली तेव्हा मी काही विचारलं नाही. विचारायचं नाही असं मी ठरवलंच होतं. तीच बोलायला लागली, रस्ता ओलांडायच्या आधीच, चिठ्ठी कुठली आली, तो काय म्हणाला, त्याच्यामागे भिंतीवर कॅलेंडर कसं वाकडं टांगलं होतं. मग म्हणाली, "मधे एकदा अटकले होते, बाबा. मागे जाणारच होते. मग तुमची गवार आठवली. कट, कट, कट. म्हटलं, चलो, पुढे."

निकाल जुलै संपायला चार दिवस असताना आला. बोलणे सहा. साडेसहा नाही, सात नाही, बरोबर सहा. तिनं त्याच मिनिटाला तो विद्यापीठाला पाठवला. तिनं आईला मिठी मारली आणि मग माझ्याकडे आली, आणि मी रडलो. माणसानं रडण्यासारखंच होतं ते. बायको म्हणाली, आज गवार नाही, आज श्रीखंड.

सप्टेंबरात ती गेली. विमानतळावर आत शिरताना वळून म्हणाली, "आईची दवाई रोज याद से द्या, आणि टेन्शन नका घेऊ." मी म्हटलं, "देतो." एवढंच म्हटलं, आणि त्यासाठी मला लवंगही लागली नाही.

आता ती रविवारी दुपारी फोन करते. तिथे तेव्हा सकाळ असते. तासभर बोलते. प्रयोगशाळा, खोलीतला हीटर, शिक्षकांचे उच्चार, दुकानात मिळणारी बेचव कोथिंबीर. मराठी सुरू होतं, हिंदीत जातं, इंग्रजीत निघतं. मी ऐकतो आणि मधे फक्त "मग?" म्हणतो. मग काय झालं ते आता मला दर वेळी कळतं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी असाच तिचा फोन झाला. फोन ठेवल्यावर घर एकदम शांत झालं. मला वाटलं, बायको नेहमीसारखी गच्चीत जाईल, बहिणीला फोन लावायला. ती आत गेली आणि परात घेऊन आली. त्यात गवार होती, पाव किलोपेक्षा बरीच जास्त. परात तिनं माझ्या मांडीवर ठेवली आणि समोर लवंगांची डबी ठेवली.

"आता काय?" मी विचारलं. "पोरगी तर गेली."

"तिचं झालं," ती समोर खुर्ची ओढून बसत म्हणाली. "आता माझी बारी."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं घड्याळ लावलं नव्हतं.

"कुठून सांगणार?"

"पहिल्यापासून," ती म्हणाली.

मी डबीतून लवंग घेतली.